लॅप टाइम गाडीचा की ट्रॅकचा?

प्रश्न : तुम्ही लेखात दोन गाड्यांची तुलना केली, त्यात बुद्ध सर्किटवर मोठी टर्बो सेडान पुढे होती, पण कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर छोटी हॅचबॅक. मग वेगवान गाडी कोणती? शिवाय जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर पोर्शे ९११ जीटी२ आरएसची वेळ कुठे ६ मिनिटे ३८ सेकंद, तर कुठे ६ मिनिटे ४३ छापलेली दिसते. खरी कोणती? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. दोन्ही वेळा खऱ्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच फेरीच्या! जून २०२१ मध्ये पोर्शेचे टेस्ट ड्रायव्हर लार्स केर्न यांनी मांटाय किट (ट्रॅकसाठीचे जादा सुटे भाग) बसवलेली ही गाडी पळवली. नॉर्डश्लायफची, म्हणजे नुर्बुर्गरिंगच्या या लांब ट्रॅकची, पूर्ण फेरी २०.८३२ किलोमीटरची, पण वर्षानुवर्षं स्टँडसमोरचा सरळ तुकडा सोडून २०.६ किलोमीटरच मोजत आले. पूर्ण फेरी ६:४३.३००, आखूड फेरी ६:३८.८३५. म्हणजे २३२ मीटरचे साडेचार सेकंद. २०१९ पासून ट्रॅकवाले अधिकृत वेळ पूर्ण फेरीचीच धरतात. जुन्या बहुतेक वेळा आखूड फेरीच्या आहेत, तेव्हा जुनी-नवी तुलना करताना किलोमीटर आधी बघा.

आता आपली सेडान. ग्रेटर नोएडाच्या बुद्धची फेरी पाच किलोमीटरच्या वर, त्यात मागची सरळ पट्टी किलोमीटरभर. हिशेब करा : एक किलोमीटर सरासरी २०० च्या वेगाने १८ सेकंदांत कापला जातो, २२० ने १६.४ मध्ये. एका पट्टीवरच दीड सेकंद खिशात. वळणांत थोडं गमावलं तरी फेरी आपलीच.

रेसर करिवर्धन यांच्या नावाचा कारी ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. तिथे इंजिनाला श्वास घ्यायलाच जागा नाही. थ्रॉटल पूर्ण दाबतोय तोवर पुढचं वळण आलेलं असतं. सेडानच्या पहिल्या फेरीत मीही खूश होतो. तिसऱ्या फेरीला ब्रेकचा पेडल मऊ लागायला लागला, पाचवीला पॅड जळल्याचा वास थेट केबिनमध्ये. पिटमध्ये उतरून पाहिलं तर पुढच्या टायरची बाहेरची कड खरवडून निघालेली, रबराचे बारीक गोळे चाकाच्या कमानीला चिकटलेले. जडपणाचं बिल टायर आणि ब्रेक भरतात. हॅचबॅक मात्र दहाव्या फेरीलाही पहिलीसारखीच वळत होती.

तेव्हा माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर मिळणार नाही. बुद्धवर सेडान, कारीवर हॅच. चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या मद्रास ट्रॅकवर नेल्या असत्या तर कोण जिंकलं असतं, यावर मी चहाचीसुद्धा पैज लावणार नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही लेखात ठळक छापायला हवी होती, ती राहिली : सेडान कारीवर सकाळी सातला पळाली, हॅच अकराला, तापलेल्या डांबरावर. दोन्ही एकाच वेळी पळाल्या असत्या तर आकडे थोडे इकडेतिकडे झाले असते. टायर तरी दोन्ही गाड्यांचे शोरूमचेच होते. एका कंपनीने मागे टेस्टसाठी पाठवलेल्या गाडीला डीलरकडे मिळतच नसलेले टायर निघाले, तेव्हापासून चावी हातात घेण्याआधी मी गुडघ्यावर बसून टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतो. पिटमधली पोरं हसतात. हसू देत.