जेवण सांगितलंत, तर जेवायला जा

डोंगरवाटांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना संगमनेरच्या निवृत्त भूगोल शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय 62 आणि 58. रोज तासभर चालतो. हरिश्चंद्रगड बघायची फार दिवसांची इच्छा आहे, पण उतारावर माझे गुडघे दुखतात. कोणत्या वाटेने आणि कधी जावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातून जाणारी वाट धरा. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट मलाही आवडते, खिंडीतलं वाघाचं शिल्प मी दरवेळी थांबून बघते. पण ती लांब आहे आणि खिंडीच्या वरचा खडकाचा टप्पा उतरताना दुखरे गुडघे फार बोलतात. कड्यातल्या उभ्या घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेचा तर विचारच नको. पाचनईहून रमतगमत गेलात तरी अडीच-तीन तासांत देवळापाशी पोहोचाल. बरीचशी वाट कड्याच्या पोटातून आणि झाडीतून जाते. तुम्हाला इगतपुरी, घोटी, राजूर असं यावं लागेल. आदल्या दिवशी गावात मुक्काम करा आणि उजाडताच निघा.

जुलैत जाऊ नका, दसऱ्यानंतर जा. भर पावसात गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर पोहोचून पांढऱ्या धुक्याकडे बघत परतलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत, आणि ओल्या खडकावर पाय घसरला तर या वयात हाड मोडू शकतं. दसऱ्यानंतर खाचरांत भात पिवळा झालेला असतो, ओढ्यांना पाणी असतं आणि पायाखालचा दगड कोरडा असतो. सकाळचं ऊन पाठीशी आणि कड्याखाली धुकं असं जुळून आलं, तर इंद्रवज्र दिसू शकतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपली सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1835 मध्ये ते इथे पाहिल्याची नोंद आहे. मला इतक्या वर्षांत एकदाच दिसलं, जेमतेम दोन मिनिटं.

केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच उभा आहे आणि पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी असतं. पाण्यात उतरलंच पाहिजे असं नाही. काठावर बसूनही दर्शन होतं, गुडघ्यांना तेच बरं.

प्रश्न : आम्ही आठ जण त्याच भागात गावातल्या घरी राहणार, जेवणार आहोत. मुलांसाठी चॉकलेटं आणि बायकांसाठी जुन्या साड्या न्याव्यात असं वाटतं. पैसे किती द्यावेत? थोडी घासाघीस चालते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : साड्या घरीच ठेवा. चॉकलेटंही. हेतू चांगला आहे हे मला कळतं, म्हणूनच स्पष्ट लिहिते. एका गावात मी हे घडताना पाहिलंय : पाच-सहा वर्षांपूर्वी गाडी आली की मुलं कुतूहलाने बघत उभी राहायची, आता हात पुढे करून धावत येतात. मी तीस वर्षं मुलांना शिकवलंय, तो पुढे केलेला हात मला बघवत नाही. काही द्यायचंच असेल तर शाळेत जा, गुरुजींना विचारा काय कमी आहे, आणि ते त्यांच्या हाती द्या.

पैशांचं म्हणाल तर फोनवरच ताटाचा आणि मुक्कामाचा दर विचारा आणि तोच द्या. घासाघीस करू नका. वाट दाखवायला कोणी सोबत आलं, तर त्याची दिवसाची मजुरी वेगळी, तीही आधी ठरवा. निम्मे पैसे आगाऊ पाठवा. असं का म्हणते, ते सांगते.

एका एप्रिलात मी पाचनईत नेहमीच्या घरी उतरले होते. शहरातल्या एका गटाने फोनवर बारा जणांचं जेवण सांगितलं होतं. विहिरीचा तळ दिसत होता. मावशी आणि त्यांची जाऊ सकाळपासून तिथेच, एक आत उतरून झऱ्यातलं पाणी वाटीने कळशीत भरतेय, दुसरी वर ओढून घेतेय. हंडा भरायला अर्धा तास. मग उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या. मावशी परातीत भाकरी थापायच्या, तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवायच्या, आणि ती फुगली की टोपल्यात. मी बसल्या बसल्या मोजल्या, बत्तीस. पिठलं, ठेचा, भात, सगळं तयार. दोन वाजले, तीन वाजले. घरात रेंज नाही, म्हणून मुलगा टेकाडावर जाऊन फोन करून आला. म्हणाला, त्यांनी वाटेतच कुठेतरी जेवून घेतलंय.

मावशींनी काही भाकऱ्या शेजारी दिल्या, बाकीच्या संध्याकाळी डांगी गाईपुढे ठेवल्या. मी पैशांचं बोलायला लागले तर म्हणाल्या, "पिठाचं जाऊ द्या बाई. पाणी वाया गेलं."

हा अहिल्यानगर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा पट्टा आहे. इथून जवळच्या घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली अखंड काळा कातळ आणि तीव्र उतार, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही, ओढ्यांनी वाहून जातं. मार्चनंतर बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. तेव्हा उन्हाळ्यात गेलात तर अंघोळीला बादलीभर गरम पाणी मागू नका, आणि जेवण सांगितलंत तर जेवायला जा. बेत बदलला तर आदल्या दिवशी कळवा, तरीही ठरलेले पैसे द्या.

जुलैत जाणार असाल तर आणखी एक. तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. घरची सगळी माणसं दिवसभर खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली असतात. दुपारच्या गरम जेवणाचा आग्रह धरू नका, सकाळचं गार जेवणही तिथे गोड लागतं.

निघताना त्यांच्याकडून काही विकत घ्या. काळभात हा इथला तांदूळ असेल तर जरूर घ्या, शिजताना घरभर वास सुटतो. नागली घ्या, वरई घ्या. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. हे धान्य विकलं गेलं तरच पुढच्या वर्षी पेरलं जाईल. तुमच्या जुन्या साड्यांपेक्षा त्या घराला याचा उपयोग जास्त आहे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये सांदण दरीत उतरता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. दोन उभ्या भिंतींमधली ती अरुंद घळ आहे. वर पाऊस झाला की पाणी तिथूनच येतं आणि बाजूला सरकायला जागा नसते. नोव्हेंबरनंतर जा, दरीजवळच्या साम्रद गावातला माणूस सोबत घ्या. ऑगस्टमध्ये रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघा, पावसात त्याचा दगड काळाभोर दिसतो.

प्रश्न : मुलीला काजवे दाखवायला भंडारदऱ्याला न्यायचंय. फोटो कसे काढावेत? – एक वाचक, पुणे

उत्तर : मेअखेर ते पावसाने जोर धरेपर्यंत जा, शनिवार-रविवार टाळून. फोटो मात्र काढू नका. काजव्याचा नर लुकलुकून मादीला खुणावतो, दोघांचं जमायला हातात थोड्याच रात्री असतात. मोबाइलच्या, गाडीच्या उजेडात त्यांची खूण बुडते. झाडाखालचं गवत तुडवू नका, माद्या खाली बसलेल्या असतात. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, मुलीचा हात धरून वीसेक मिनिटं अंधारात उभे राहा. डोळे सरावले की आधी एक सादड्याचं झाड दिसेल, मग त्याच्या मागचा हिरडा, आणि मग सगळा उतार एका तालात पेटताना-विझताना दिसेल.