बंद पडलेली खडीची खाण बुजवून तिथे ज्वारी पेरता येईल का? सरकारी मदत मिळते का?

तुमच्या वडिलांनी खडीसाठी दिलेल्या रानात आता वीस फूट खड्डा उरलाय, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीनं सांगतो, लगेच जेसीबी बोलावू नका. दक्षिण सोलापुरात आम्ही तेच केलं होतं. राडारोडा भरला, वर फूटभर काळी माती पसरली आणि मालदांडी ज्वारी पेरली. पोटरीत येईपर्यंत पीक छान होतं, नंतर डोळ्यांदेखत करपलं. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते. खाली विटांचे तुकडे असतील तर ओल धरणार कोण?

सरकारी मदत मिळते, पण सगळी एकाच कार्यालयात नाही. दगड-मुरूम गौण खनिजात येतात, म्हणून आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना भेटा आणि खाणपट्ट्याच्या अटींची प्रत मागा. खाणकाम संपल्यावर गवत लावून जमीन पूर्ववत करण्याची अट घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं 8 जानेवारी 2020 ला केंद्राला सांगितलंय. पट्टा त्यानंतरचा असेल तर ही अट कागदात शोधाच. आणि भरावासाठी शेजारच्या माळावरचा मुरूम विनापरवाना उचलू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो.

त्यानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला खड्डा दाखवा. ही भेट मला सगळ्यात मोलाची वाटते, आम्ही नेमकी तीच टाळली. आपल्याकडे सगळा बेसाल्टच, पण त्यातही फरक असतो. तळाला अखंड काळा पाषाण असेल तर पाणी साठून राहतं. मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) किंवा भेगाळलेला खडक असेल तर ते मुरतं आणि आसपासच्या विहिरींना लागतं. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात असा खड्डा बुजवणं मला तरी पटत नाही. खोल भाग पाण्याला ठेवा, त्याला कुंपण घाला, पोरंबाळं आणि जनावरं तिकडं जातात.

कडेचा उथळ भाग मात्र लागवडीखाली येतो. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ मिळतो. तो टाकण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या, खारवट निघाला तर असलेली जमीनही जाईल. गाळाचा थर पातळच बसला तर ज्वारीचा हट्ट सोडा. सीताफळ, बोर हलक्या मुरमाड रानातही तग धरतात. आमच्या त्याच तुकड्यात आज सीताफळ उभं आहे.

खड्ड्यात एप्रिलमध्ये पाणी असतं का, तेवढं कळवा.