दात्याचं हृदय : प्रवासातले चार तास

प्रश्न : मूत्रपिंड २४ तास टिकतं म्हणे. मग हृदयाला चारच तास का? (सातारा)

हृदय हा अखंड राबणारा स्नायू. पेशींत ऊर्जेची शिल्लक फार थोडी, रक्त थांबलं की ती भराभर आटते. शिवाय बसवलेलं मूत्रपिंड चार दिवस सुस्त राहिलं तर डायलिसिसवर भागतं. हृदयाला अशी रजा नाही. आणि हे चार तास निव्वळ प्रवासाचे नव्हेत बरं का! दात्याच्या महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लागला की घड्याळ सुरू होतं, रुग्णाच्या छातीत रक्त पुन्हा खेळू लागलं की थांबतं. शिवायलाच तासभर जातो.

प्रश्न : धडधडतं हृदय मुद्दाम थांबवतात? (ठाणे)

होय. पोटॅशियम जास्त असलेलं थंडगार द्रावण सोडतात, त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. ठोके थांबतात, ऊर्जा वाचते. तापमान १० अंशांनी उतरलं की पेशींची गरज साधारण निम्म्यावर येते.

प्रश्न : टीव्हीवर दिसला तो सहलीचा आइस बॉक्सच वाटला! (पुणे)

बरोबर ओळखलंत. आत द्रावणात बुडवलेलं हृदय, त्यावर निर्जंतुक पिशव्यांचे थर, बाहेर बर्फ. ऑगस्ट २०१५ मध्ये तुमच्या पुण्याहून विमानाने मुंबईत मुलुंडला हृदय गेलं, तेव्हापासून ‘ग्रीन कॉरिडॉर’ (अवयवासाठी मोकळा ठेवलेला रस्ता) हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. पण बर्फाचा एक दोष आहे. तो थांबायचं कुठे ते जाणत नाही. वेळ जाईल तसं तापमान शून्याकडे सरकतं आणि गारठ्यानेच स्नायूला इजा होते. म्हणून ४ ते ८ अंश राखणारे डबे निघाले. मला विचाराल तर पैसा आधी इथे घालावा.

प्रश्न : यंत्रात धडधडत नेतात ते काय? (बेळगाव)

दोन तऱ्हा आहेत. एकात दात्याचंच रक्त कोमट करून फिरवतात. हृदय वाटेतही धडधडतं, रक्तातलं लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की पेशींत वाढणारं रसायन) तपासून त्याची तब्येत कळते. सिडनीत २०१४ मध्ये ठोके थांबून मृत्यू झालेल्या दात्यांची हृदयं याच्याच मदतीने वापरता आली. दुसऱ्यात हृदय निपचितच असतं, पण ८ अंशांचं प्राणवायूयुक्त द्रावण त्यातून फिरतं. मूळ काम स्वीडनमधल्या लुंडचं. खर्च मात्र जबर, दर वेळी नवा संच लागतो.

प्रश्न : नागपूरहून मुंबईला हृदय येऊ शकतं? (नागपूर)

येतं. विमानाला दीड तास लागतो. भीती दोन्ही टोकांच्या रस्त्यांची. म्हणून फोनाफोनी सतत चालते, आणि डबा दारात येण्याआधीच इथे रुग्णाची छाती उघडलेली असते.