‘इम्प्रेशन’चा ठसा आणि मराठीतला प्रत्यय

मोने, रन्वार, पिसारो या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या चित्रकारांच्या ‘इम्प्रेशनिझम’ या चित्रशैलीला मराठीत ‘प्रभाववाद’ म्हणावे की ‘दृक्प्रत्ययवाद’, आणि दुसरा शब्द विनाकारण जड केलेला नाही का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. ‘दृक्प्रत्ययवाद’च म्हणावे. ‘प्रभाववाद’ हिंदीत रूढ आहे आणि तिथे तो सुखाने नांदावा. पण मराठीत प्रभाव म्हणजे एकाचे दुसऱ्यावर पडणारे वजन. ‘प्रभाववादी चित्रकारांवर जपानी ठसाचित्रांचा प्रभाव होता’ हे विधान वस्तुस्थिती म्हणून बिनचूक आहे, परंतु त्यातल्या दोन ‘प्रभावां’चा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे वाचकाला कसे कळावे? चित्रप्रदर्शनांत अशी वाक्ये वारंवार ऐकू येतात आणि दर वेळी मला त्यांचा तितकाच त्रास होतो.

‘इम्प्रेशन’चा ‘मनावर पडलेली छाप’ हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो सोडून थेट मुळाकडे जातो. लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे आणि ‘इम्प्रिमेरे’ म्हणजे एखाद्या वस्तूवर किंवा वस्तूत दाबून उमटवणे. त्यावरून आलेल्या फ्रेंच ‘अँप्रेस्यों’ला छाप या अर्थाबरोबरच आणखी दोन कारागिरी अर्थ आहेत. एक छपाई आणि दुसरा, रंगकामातला अस्तराचा पहिला हात. माझे सगळे कुतूहल या दुसऱ्या अर्थापाशी खिळले आहे.

15 एप्रिल 1874 रोजी पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादार यांच्या पूर्वीच्या स्टुडिओत, या मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात मोने यांनी ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचे 1872 सालचे चित्र मांडले होते आणि त्याच्या नावात ‘अँप्रेस्यों’ हा शब्द होता. लुई लेरुआ यांनी ‘ल शारिवारी’ या पत्रात 25 एप्रिलला या शब्दावरून चित्रकारांची यथेच्छ टर उडवली आणि भिंतीला चिकटवायचा कागद अगदी प्राथमिक अवस्थेतही या समुद्रदृश्याहून अधिक पूर्ण असतो, असे आपल्या लेखातल्या पात्राच्या तोंडून वदवले. आता लेरुआ हे नुसते टीकाकार नव्हते. ते स्वतः चित्रकार आणि उत्कीर्णक, म्हणजे कोरून ठसे काढणारे, होते. ज्याचे हात ठसा आणि शाई यांत काम करत होते, त्याला या शब्दातले छपाई आणि अस्तर हे अर्थ ऐकू आले नसतील, हे मला पटत नाही. ‘तुम्ही पहिला हात देऊन थांबलात’ हा टोमणा त्या एका शब्दात दडलेला आहे, असे माझे मत आहे. भिंतीच्या कागदाची उपमा नेमकी तिथेच सुचावी, हा मला योगायोग वाटत नाही. चित्रकलेच्या चर्चेत हा शब्द लेरुआ यांनीच प्रथम आणला, असे जे सर्रास लिहिले जाते, तेही चुकीचे आहे. निसर्गचित्रकार दोबिन्यी हे केवळ ‘अँप्रेस्यों’वर समाधान मानतात, अशी तक्रार समीक्षक तेओफिल गोतिए यांनी 1861 मध्येच केली होती. अपुरेपणाचा ठपका या शब्दाला आधीपासून चिकटलेला होता. 1877 च्या तिसऱ्या प्रदर्शनात या चित्रकारांनी त्याच शब्दावरून आलेले ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव अभिमानाने स्वीकारले.

मुळात ठसा असेल आणि संस्कार म्हणजे मनावरचा ठसाच, तर मराठीत ‘संस्कारवाद’ का नको, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि माझा सर्वांत मोठा विरोध या पर्यायाला आहे. ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः’ ही ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथातली व्याख्या त्यांनी पुन्हा वाचावी. विषय डोळ्यांसमोरून गेल्यावर मागे उरतो तो संस्कार, आणि त्यातून उपजते ती स्मृती. सावली काळपट असते, बर्फ पांढरे असते, हे आपले संस्कारच होत, आणि हे चित्रकार नेमके तेच पुसत होते. मोने यांच्या 1868-69 मधल्या ‘मॅग्पाय’ पक्ष्याच्या चित्रात बर्फावरच्या सावल्या निळसर आहेत, कारण त्या क्षणी डोळ्याला त्या तशा दिसल्या. 1890-91 मध्ये शेतातल्या गंजींची चित्रमालिका रंगवताना उजेड बदलला की ते हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत. थोड्या वेळापूर्वीच्या उजेडाची आठवण त्यांना नकोच होती. (याच गटातले देगा स्टुडिओत आणि बऱ्याच अंशी स्मरणातून रंगवत हे खरे, पण त्यांना स्वतःलाच ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव मान्य नव्हते.)

प्रत्यय म्हणजे प्रति अधिक इ, सामोरे जाणे. प्रतीती त्याच कुळातली. वस्तू समोर असताना जे जाणवते ते या शब्दात नेमके येते, आणि आधी दृक् जोडल्यावर ती जाणीव डोळ्याची आहे हेही स्पष्ट होते. हे चित्रकार निसर्गदृश्य रंगवत नाहीत, त्या दृश्याने जागवलेली संवेदना रंगवतात, असे समीक्षक कास्तान्यारी यांनी 1874 मध्येच लिहिले होते. त्यांच्या त्या वाक्याच्या इतका जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द मला सापडलेला नाही, म्हणून त्याचा जडपणा मी आनंदाने सोसतो.

लिहिताना मात्र ‘दृक्’मधल्या क चा पाय मोडावा, ‘दृकप्रत्ययवाद’ हे रूप अशुद्ध आहे. विशेषण ‘दृक्प्रत्ययवादी’ असे होते, आणि ते 1874 ते 1886 या काळात भरलेल्या आठ प्रदर्शनांभोवतीच्या चित्रकारांसाठी आणि त्यांच्या पद्धतीने रंगवणाऱ्यांसाठी वापरावे. एखाद्या चित्राच्या कडा धूसर असतील, तर त्याला ‘धूसर’ म्हणावे.