सिलारहमी कुठून सुरू करू विचारलंस, फोनपासून कर

भावा, मोठमोठ्या बयानांच्या (धार्मिक भाषणांच्या) मागे आत्ताच लागू नको. सिलारहमी म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणं, कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाच्या पहिल्याच आयतीत (वचनात) अल्लाहला भिऊन राहा म्हणताना नात्यांचंही नाव घेतलंय, निकाहच्या खुतब्यात (प्रवचनात) तू ती ऐकलीच असशील.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "ते येत नाहीत तर मी का जाऊ". बुखारी या संग्रहातल्या हदीसचा (पैगंबरांच्या वचनाचा) अर्थच असा आहे की नुसती परतफेड करणारा नातं जोडणारा नव्हे, समोरच्याने तोडल्यावरही जोडतो तो खरा. वाटणीवरून माझं आणि चाचांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं, एका रमजानमध्ये हिंमत करून फोन लावला, सलाम केला, पलीकडे बराच वेळ शांतता आणि मग म्हणाले, "इफ्तारीला ये, चाचीने सांदणं केलीत." बस, एवढंच.

तर सध्या हे कर:
- अबोला असलेलं एकच माणूस निवड, सलाम आधी तू कर. तीन दिवसांवर अबोला जायज नाही.
- जुना हिशोब काढू नको, तब्येत विचार.
- ग्रुपवर ईद मुबारक फॉरवर्ड केलं म्हणजे झालं असं नाही, फुफी-खालाच्या (आत्या-मावशीच्या) घरी जाऊन बस.
- गरीब नातेवाईकाला सदका (दान) दिलास तर दुहेरी सवाब (पुण्य), सदक्याचा आणि नात्याचा, पण गुपचूप दे रे, त्याची मान खाली जायला नको.

वारसा, जकात (बंधनकारक दान) कोणाला चालते वगैरे नंतर आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारू. आज फोन लाव आणि काय झालं ते सांग.