करवंदाला मोहर का येत नाही?

प्रश्न : कुंपणाला लावलेल्या करवंदाच्या जाळ्या चार वर्षांत चांगल्या फोफावल्या, पण फुलं अगदी तुरळक. दरवर्षी दिवाळीनंतर छाटणी करतो, पाणी आणि युरिया नियमित देतो. काय चुकतंय?

उत्तर : नेमकं हेच तिन्ही. करवंदाचा मोहर फांद्यांच्या शेंड्यांना झुबक्यांनी येतो आणि तो साधारण फेब्रुवारीपासून फुलतो. दिवाळीनंतर कात्री लावली की मोहर धरणारे शेंडेच जातात. उरलेली फांदी नवी पालवी काढते आणि हंगाम तसाच सरतो. छाटणी फळं संपताच, जूनच्या सुरुवातीला करा. आत वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढा, बाकीची उंची फार तर एक तृतीयांश उतरवा. पावसाळ्यात फुटलेले धुमारे हिवाळ्यात पक्के होतात, त्यांवरच फुलं येतात.

युरिया बंद. त्यानं पानं काळीभोर होतात, एवढंच. मोठ्या झाडाला पावसाच्या तोंडावर 8-10 किलो कुजलेलं शेणखत पुरे. थंडीत पाणी तोडा. फळं वाटाण्याएवढी झाली की आठवड्याला एकदा द्या. दिवसाला सहा तास ऊन नसेल, तर मात्र यातलं काहीच लागू पडणार नाही.

छाटताना पांढरा चीक गळतो. हातांना आधी खोबरेल तेल चोळा, चिकटलेला चीक मग सहज सुटतो. काटे जाड हातमोज्यालाही जुमानत नाहीत, तेव्हा लांब दांड्याची कात्री घ्या.

प्रश्न : डोंगरातलं झुडूप उपटून आणून लावलं तर जगेल का?

उत्तर : बहुधा नाही. मुळं खडकाच्या फटींत खोल गेलेली असतात, ओढताना तुटतात. बी लावा. पूर्ण काळ्या, पिकून मऊ पडलेल्या करवंदाचं बी गर धुऊन एक दिवस सावलीत सुकवा आणि त्याच आठवड्यात माती, वाळू, शेणखत समभाग भरलेल्या पिशवीत एक सेंटीमीटर खोल पेरा. डब्यात जपून ठेवलेलं बी उगवत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप दीड फुटी खड्ड्यात लावा : कुंपणाला एक मीटरवर, सुटं झाड अडीच मीटरवर. पाणी साचणारी जागा नको, मुळं कुजतात.

बियांच्या रोपाची फळं मूळ झाडासारखीच निघतील असं नाही. अमुक एका जाळीचीच चव हवी असेल, तर पावसाळ्यात तिच्या पेन्सिलीएवढ्या फांदीवर गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या. दोन-तीन सेंटीमीटर साल गोल काढल्यावर चीक पुसून टाका, तो थांबला की मगच ओलं शेवाळ गुंडाळा.

प्रश्न : केकवरची लाल चेरी करवंदाचीच असते का?

उत्तर : पुष्कळदा हो. कच्ची करवंदं बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेली असतात. त्यासाठी फळ पिकण्याआधी, टणक असतानाच तोडावं लागतं; लोणच्यालाही तेच.