हँडलवर चालू होणाऱ्या जुन्या पॉवर टिलरला सेल्फ बसवता येतो का? खर्च किती येईल?

बसवता येतो. बसवाच. पाऊस धरला की माझं उजवं मनगट अजून ठणकतं, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आमचा टिलर 13 एचपीचा, आडवं इंजिन, एकच सिलिंडर. 2016 च्या जुलैत, ऐन चिखलणीत, हँडल मारताना डिकॉम्प्रेशनचा लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडून हँडल हलकं करणारा) जरा लवकर सोडला आणि इंजिनाने उलटा झटका दिला. अंगठा हँडलभोवती वळवलेला. (तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, हे मीच दहा जणांना शिकवलेलं.) हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बायको टिलर छान चालवते, बांधाच्या कोपऱ्यात तर माझ्यापेक्षा बरा वळवते, पण हँडल तिच्याने फिरेना. मग रोज सकाळी शेजारच्या पोराला हाक. मधेच बंद पडला की परत हाक. शेवटी ती जेवायला बसली तरी टिलर चालूच ठेवायची.

गणपतीला दादा आला डोंबिवलीहून. म्हणे, "बाबांनी वीस वर्षं हँडल मारलं, त्यांना नाही लागला सेल्फ. तुम्हीच नाजूक झालात." बाबांचे पुढचे दोन दात कशाने गेले ते दादाला ठाऊक नाही. तो तेव्हा मुंबईत होता.

दिवाळीनंतर सेल्फ बसवायला फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि गगनबावड्यावरून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथल्या मिस्त्रीने लेथवर चाकाच्या कडेला पायरी काढली. सेल्फचं दातेरी चाक जिच्यात अडकतं त्या दात्यांच्या रिंगचं भोक त्या पायरीपेक्षा साधारण 0.3 मिलिमीटरने लहान ठेवलेलं. रिंग शेगडीवर तापत होती आणि तो मधूनमधून तिला सोल्डरची तार टेकवून बघत होता. तार वितळली तशी चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवली. हातोडा लागलाच नाही, गार होता होता आपोआप आवळली. निळी पडेपर्यंत तापवली तर दाते मऊ होतात. तुमच्याकडचा वेल्डर "चार टाके मारून देतो" म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. बिडाच्या चाकाला वेल्डिंग म्हणजे आज ना उद्या तडा.

सेल्फ भंगारातला चालतो, पण फिरायची दिशा बघून घ्या. उलट्या दिशेचा निघाला तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक रिंगमध्ये अडकवणारा भाग) नुसता घरघरतो, चाक ढिम्म. पिनियन (सेल्फचं ते दातेरी चाक) आणि रिंगचे दाते एकाच मापाचे हवेत, आणि ते एकमेकांत बसल्यावर हॅकसॉचं पातं सरकेल इतपत फट. बॅटरी 12 व्होल्टची. वायर वेल्डिंगच्या केबलसारखी जाड घ्या, बारीक वायरीवर सेल्फ नुसता टक् टक् करतो. लिव्हर सेल्फवरही वापरायचाच. आधी चाकाला गती घेऊ द्या, मग सोडा.

पुढच्या मृगात बायकोने बटण दाबलं. मी व्हिडिओ काढून दादाला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

खर्चाचं राहिलं. माझे तेव्हाचे आकडे आता लागू नाहीत. लेथचं काम त्यातल्या त्यात स्वस्त, पैसा जातो सेल्फ आणि बॅटरीत. हाडाच्या डॉक्टरांचं बिल मात्र या सगळ्याहून जास्त झालं होतं.

आणि हो, टिलर आत्ता हँडलवर दोन-तीन फेऱ्यांत चालू होतो का, ते आधी बघा. डिझेल फवारणारं नोझल ठिबकत असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेलं असेल, तर सेल्फ फक्त बॅटरी संपवेल. रिंगवर पत्र्याचं झाकण हवं. आम्ही पहिल्या वर्षी आळस केला, चिखल पिनियनवर सुकला आणि ते बाहेरच येईना. चार्जिंगला बेल्टवर डायनामो बसवतात, आम्ही नाही बसवला, बॅटरी घरी आणून चार्ज करतो. हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा करावीच लागते.

हँडल भंगारात देऊ नका. गेल्या वर्षी लावणीच्या दिवशी बॅटरी बसली, तेव्हा मीच मारलं. हे दादाला सांगितलेलं नाही.